ढेकरांची मास्तरीण

हार घालून माणूस मारता येतो. मी जवळजवळ मारलाच होता. हारही साधासुधा नव्हता. ओल्या झेंडूचा, सत्काराचा, मीच फुलवाल्याला "चांगला घसघशीत कर हं" असं बजावून करून घेतलेला. सभागृह भरलेलं, मंचावर प्रमुख पाहुणे, मधल्या खुर्चीत सत्कारमूर्ती कार्मिनबाई आणि माइकपाशी मी, जांभळ्या इरकली साडीत. हार पडला, टाळ्या पडल्या आणि बघता बघता कार्मिनबाईंचा चेहरा माझ्या साडीच्या रंगाचा झाला. त्या गुदमरत होत्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण अशा माणसाचं काय करायचं याचं प्रशिक्षण त्या सभागृहात मी एकटीनंच घेतलेलं होतं. मी माइक दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि ओरडले, "कार्मिनबाई, घाबरू नका! नाकाने श्वास घ्या! नाकाने!"

कार्मिनबाईंना नाक होतं. चांगलं सरळ, धारदार होतं. पण त्या नाकाचा श्वासाशी काडीचा संबंध उरला नव्हता. घशाच्या कॅन्सरपायी त्यांची स्वरपेटी काढलेली होती आणि तेव्हापासून त्या गळ्यावर पुढच्या बाजूला ठेवलेल्या एका भोकातून श्वास घेत होत्या. त्या भोकाविषयी मी आताच दहा मिनिटं भाषण केलं होतं. आणि नेमक्या त्याच भोकावर माझा घसघशीत हार बसला होता.

माझी नात हे ऐकून विचारते, "आजी, तू तेव्हा शुद्धीवर होतीस ना?" होते गं बाई. पूर्ण शुद्धीवर होते. तीच तर भानगड आहे.

आधी माझा धंदा सांगते, कारण आमच्या सोसायटीत वीस वर्षं काढूनही तो कोणाला नीट कळला नाही. मी वाचोपचार करायची. ज्याचं बोलणं अडलंय त्याला बोलतं करायचं, एवढंच काम. सुरुवातीची वर्षं तोतऱ्या मुलांत गेली. मग चाळिशी ओलांडल्यावर मला कॅन्सरच्या रुग्णांसाठीचं प्रशिक्षण घ्यायची हुक्की आली. गाल, जीभ, जबडा, घसा, म्हणजे मुंडक्यापासून मानेपर्यंतच्या कॅन्सरला आपल्याकडे काही तोटा नाही. मिश्री आहे, तंबाखू आहे, बिडी आहे. डॉक्टर जीव वाचवायचे आणि मग उरलेला माणूस माझ्याकडे पाठवायचे.

स्वरपेटी काढली की श्वासनळीचं तोंड गळ्यावर बाहेर उघडतात. हवा तिथूनच आत, तिथूनच बाहेर. तोंड फक्त जेवायला, नाक फक्त चष्मा ठेवायला. अशा माणसाला चहावर फुंकर घालता येत नाही, समुद्रात उतरता येत नाही. तो हसला तर आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात. मग त्यानं बोलायचं कसं? तर तोंडात हवा धरायची, ती अन्ननळीत ढकलायची आणि लगेच वर आणायची. वर येताना तिचा जो आवाज होतो त्याला जिभेनं, ओठांनी आकार द्यायचा. आता अन्ननळीतून हवा वर येते तिला मराठीत काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. तेव्हा आडपडदा कशाला? मी ढेकरा द्यायला शिकवायची.

शिकवायला आधी स्वतःला यायला हवं. मला लहानपणापासून चारचौघांत ढेकर दिली की आईचा डोळा दिसायचा, त्यामुळे माझी अन्ननळी अतिशय सुसंस्कृत झाली होती. मी गोळीसोड्याच्या बाटल्या आणून न्हाणीघरात सराव करायची. भिंतीपलीकडच्या शेजारीणबाईंनी दोन दिवस सहन केलं आणि तिसऱ्या दिवशी वाटीत ओवा घेऊन आल्या. "पोट धरलंय का हो? संकोच करू नका." सासूबाईंची अडचण त्याहून मोठी. नणंदेच्या मुलीचं लग्न जमत होतं, पाहुणे घरी बसलेले आणि त्यांनी विचारलं, सूनबाई काय करतात? सासूबाई म्हणाल्या, "ती ना, संगीत शिकवते." तेवढ्यात आतून माझं मध्य सप्तक ऐकू आलं.

त्या काळातली मी फार ताठ होते. प्रमाणपत्र चौकटीत घालून भिंतीवर लावलेलं होतं आणि ते वाकडं झालंय का हे मी येता-जाता बघायची. भुईगावच्या एका रुग्णाला मी एकदा फोन केला. पलीकडे फोन उचलला गेला पण आवाज नाही. मी हॅलो हॅलो करून थकले आणि मग चिडले. "अहो, उचललाय तर बोला ना! काय माणसं असतात!" पाच मिनिटं मी त्यांना शिष्टाचार शिकवला. शेवटी त्यांच्या बायकोनं फोन घेतला. म्हणाली, "मॅडम, तुम्हीच सांगितलं होतं की मनातली भीती जायला हवी, घरातला फोन ह्यांनीच उचलायचा. ते मघापासून मान डोलवून हो हो म्हणतायत."

तर अशा या विदुषीकडे कार्मिनबाई आल्या.

आमच्या केंद्राला एका धर्मादाय संस्थेनं वसईत खोली दिली होती. आठवड्यातून एकदा मुंबईचे एक डॉक्टर तिथे येऊन तपासायचे. नव्वदीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. कार्मिनबाई पाचूबंदरच्या कोळीण, पन्नाशीच्या. नवरा इनास बोटीवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारा मुख्य माणूस. आणि बाई स्वतः धक्क्यावर मासळीचा लिलाव पुकारायच्या. बोटी लागल्या की टोपल्या उतरतात, भोवती घेणाऱ्या बायका आणि व्यापारी कोंडाळं करतात, मधे पुकारणारी उभी राहते आणि भाव चढवते. तिथे कावळे, घारी, बर्फ फोडणारे, बोटींची इंजिनं आणि भांडणं एकाच वेळी चालू असतात. या सगळ्याच्या वरून ज्या बाईचा आवाज जातो तिच्याकडे लिलाव जातो. कार्मिनबाईंचा जायचा. किल्ल्याच्या पलीकडे वसई स्टँडवरच्या माणसाला आज पापलेट कितीला गेलं ते बसल्या जागी कळायचं, असं लोक म्हणायचे.

डॉक्टरांनी सांगितलं, "ऑपरेशन केलं तर जगण्याची आशा चांगली आहे. पण स्वरपेटी जाईल. नुसते रेडिएशनचे शेक दिले तर आवाज राहील. मात्र तो किती दिवस, ते मी सांगू शकत नाही."

कार्मिनबाई म्हणाल्या, "डाक्टर, गला काढला तर लिलाव कोन करील? तुमी?"

इनास कोपऱ्यातून म्हणाला, "डाक्टर, तुमी काढा. मी घेईन जुलवून."

बाईंनी त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की डॉक्टरांचा पेन पडला. पण नंतर मी बाहेर आले तेव्हा हा माणूस पायरीवर बसला होता. मला म्हणाला, "धुकं पडलं ना बाय, का मना धक्का दिसत नाय. हिचा आवाज येतो. तेच्यावर बोट आनतो मी."

मी परत आत गेले. कार्मिनबाई माझ्याकडे रोखून बघत होत्या.

"तू कोन? नर्स?"

"मी बोलायला शिकवते."

"मना बोलायला? मना?" त्या एवढ्या हसल्या की त्यांना खोकला आला. मग एकदम गंभीर झाल्या. "मास्तरीन, खरं सांग. गला काढल्यावर मी लिलाव पुकारीन का नाय?"

इथे शहाण्या माणसानं काय म्हणायचं असतं? की बघू या, प्रयत्न करू या, काहींना जमतं, काहींना नाही जमत. जमलं तरी आवाज घोगरा येतो, हळू येतो. हे सगळं माझ्या वहीत लिहिलेलं होतं. मी म्हटलं, "नारळी पौर्णिमेनंतर हंगाम सुरू होईल ना? त्या दिवशी तुम्ही धक्क्यावर उभ्या राहून पुकारताय. माझा शब्द."

डॉक्टरांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की माझं प्रमाणपत्र भिंतीवर वाकडं झालं असणार. पण बाईंनी पदर खोचला. "मंग कापा," त्या म्हणाल्या. "हिच्या शब्दावर."

एका बाईनं माझ्या बढाईवर आपला गळा दिला होता.

ऑपरेशन नीट झालं, शेकही झाले, नाकातली जेवणाची नळीही निघाली. पण घर गप्प झालं. पाटीवर लिहून सांगा म्हटलं तर बाईंना सहीपलीकडे लिहिणं येत नव्हतं. मग त्या भांड्यांतून बोलायला लागल्या. चमचा आपटला तर इकडे ये. पळी आपटली तर कितीदा सांगू. पातेलं आलं की इनास घराबाहेर. परदेशातून एक यंत्रही येत असे, गळ्याला लावलं की गुणगुणत बोलणारं. मी ते एकदा दाखवायला नेलं. त्यांनी ते ऐकलं, हातानं भुंगा काढून दाखवला आणि यंत्र माझ्या पिशवीत परत ठेवून पिशवीला गाठ मारली.

शिकवणी सुरू झाली. माझ्याकडे प्रमाणित शब्द होते: पाट, ताट, काका, पाटी. प, ट, क म्हणताना तोंडात हवा अडते आणि ढकलायला बरी पडते, म्हणून सुरुवात या अक्षरांनी करायची. सगळ्यांत त्रासाचे म आणि न, कारण ते म्हणताना हवा नाकाकडे पळते. कार्मिनबाई पहिल्या दिवशी 'पाट' म्हणायला बसल्या. ओठ मिटले, डोळे मिटले, गाल फुगले, मान ताठ झाली. आणि काही नाही. दुसऱ्या आठवड्यात काही नाही. महिन्यानं काही नाही. मी त्यांच्यासमोर बसून 'पाट, पाट' अशा ढेकरा देत होते. खिडकीत पोरं जमायची. एकदा इनासनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मास्तरीन, तुला काय औषद चालू हाय का?"

धक्क्यावर तोवर कार्मिनबाईंच्या नणंदेनं, मोनीनं, पुकारायला सुरुवात केली होती. मोनीचा आवाज खणखणीत होता आणि बोटवाले तिच्यावर खूश होते. सकाळी वाऱ्यावर तो आवाज घरात आला की कार्मिनबाई खिडकी लावून घ्यायच्या. बोटी बंद व्हायला आल्या, पाऊस तोंडावर आला आणि माझ्या शब्दाची मुदत संपत चालली.

पहिली ढेकर आली ती चर्चमध्ये. रविवारचा मिस्सा. फादरनी भाकर वर उचललेली, सगळे गुडघ्यावर, सुई पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. आणि तिसऱ्या रांगेतून म्हशीनं हुंकारावं तसा आवाज झाला. फादरचा हात वरच्या वर थांबला. बायकांनी माना वळवल्या. कार्मिनबाई स्वतःच चमकल्या होत्या. मग त्यांच्या लक्षात आलं की हे आपलंच. आनंदानं त्यांनी आणखी एक दिली. आणि माना वळवलेल्या बायकांना हात हलवून दाखवला. मिस्सा संपल्यावर मोनीनं घरी जाऊन सांगितलं, वयनीला देवळात लाज नाय उरली. इनास मात्र पावसातून सायकल मारत माझ्या घरी आला. सासूबाईंनी दार उघडलं. तो एवढा धापा टाकत होता की त्यांना वाटलं कोणी गेलं.

"काय झालं हो?"

"आमच्या हिला ढेकर आली!"

सासूबाईंनी आत वळून मला हाक मारली. "अगं, तुझ्या संगीताच्या क्लासचे आलेत बघ."

ढेकर आली पण पाट, ताट काही येईना. बाईंना ते शब्द आवडतच नव्हते. मी काका म्हटलं की त्या खांदे उडवायच्या, माझा कोण काका? एके दिवशी वैतागून मी माझे शब्द बाजूला ठेवले आणि म्हटलं, "मग तुम्हाला काय म्हणायचंय ते म्हणा." त्यांनी ओठ मिटले, गाल फुगवले आणि दोन तुकड्यांत शब्द बाहेर फेकला.

"पाप. लेट."

मी उडाले. दोन प, एक ट. माझ्या सगळ्या पुस्तकांना सुचला नव्हता इतका सोयीचा शब्द त्यांच्या टोपलीत पहिल्यापासून पडलेला होता. त्या दिवशी त्यांनी तो इतक्या वेळा म्हटला की शेवटी इनास उठून बाजारात गेला. नंतर पाच आला, दहा आला, कुपा मासा आला. मांदेली मात्र काही केल्या येईना. न तर त्यांना असा छळायचा की त्या हात जोडायच्या.

हे एवढंसं यश माझ्या डोक्यात गेलं. हंगामाला थोडे आठवडे राहिले होते, तेव्हा बाईंना रोज बसवून घ्यायचं सोडून मी संस्थेला पटवलं की कॅन्सरवर मात केलेल्यांचा सत्कार ठेवा. आणि कार्मिनबाई बोलून दाखवतील असं परस्पर जाहीर केलं. काय बोलतील? तर 'मी मनापासून आभारी आहे.' मोजून बघा त्यात किती म आणि न आहेत ते. मोनी पण येणार होती. बोटवाले येणार होते. माझ्या हिशेबानं तिथल्या तिथे लिलाव परत मिळणार होता.

कार्यक्रमाआधी कार्मिनबाई आल्या त्या गळ्यावर पांढरा विणलेला रुमाल बांधून. हे लोक भोकावर असा रुमाल ठेवतात, धूळ-माशी जाऊ नये म्हणून. मी म्हटलं, "फोटोत बरा नाही दिसणार, काढून ठेवा." त्यांनी बोटानं आपला गळा दाखवला, मग ताटातला हार दाखवला आणि जोरजोरात मान हलवली. मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "अहो, लाजताय काय एवढ्या!" आणि रुमाल स्वतःच्या हातानं सोडून घेतला.

पुढचं सुरुवातीला सांगितलंच आहे. हार पडला, गळ्यावर चपखल बसला आणि पहिल्याच श्वासाला ओल्या पाकळ्या आत ओढल्या गेल्या. मी माइकवरून नाकाने, नाकाने म्हणून ओरडतेय. स्वयंपाकघरातून कोणीतरी कांदा फोडून आणला आणि त्यांच्या नाकाला लावला. पाहुण्यांनी पाण्याचा ग्लास तोंडाशी धरला. एकानं पायातली चप्पल काढली. नाकातोंडाशी एवढी गर्दी झाली होती, आणि बाई मात्र चार बोटं खाली, गळ्याशी, मरत होत्या.

इनास मागच्या रांगेतून खुर्च्यांवरून आला. त्यानं एका झटक्यात हार तोडला, बायकोला कमरेत वाकवलं आणि बुडालेल्या माणसाच्या पाठीवर मारतात तसे तीन दणके घातले. कार्मिनबाई खोकल्या. अशा माणसाचा खोकला गळ्यातून येतो आणि बंदुकीसारखा येतो. पाकळ्या सुटल्या त्या थेट प्रमुख पाहुण्यांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर.

कार्मिनबाई ताठ उभ्या राहिल्या. घामानं निथळलेल्या, डोळे लाल. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मनात त्या वेळी पाचूबंदरच्या सगळ्या शिव्या असणार, पण जिभेवर एकच धड शब्द तयार होता. गाल फुगले आणि तो शब्द त्यांनी मला हाणला.

"पापलेट!"

इतका मोठा, इतका खणखणीत त्यांनी तो तोपर्यंत कधीच म्हटला नव्हता. सभागृहाला वाटलं, हेच प्रात्यक्षिक. टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. पाहुण्यांनी सदरा पुसत भाषण केलं की एकेकाळी मृत्यूच्या दारात असलेली ही भगिनी आज पापलेट म्हणू शकते, ही विज्ञानाची केवढी भरारी. मीही टाळ्या वाजवत होते.

आठवडाभर मी पाचूबंदरला गेले नाही. जाण्याचं तोंड नव्हतं. मग कार्मिनबाईच माझ्या दारात उभ्या राहिल्या, गळ्यावर रुमाल, हातात पिशवी. पिशवीतून गोळीसोड्याच्या बाटल्या काढून ओट्यावर मांडल्या आणि पाटावर बसल्या. शिकवणी पुढे सुरू. सत्काराचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. तो तसाच पडून राहिला, पुष्कळ वर्षं.

हंगामाचा पहिला लिलाव. मी धक्क्यावर जाऊन उभी राहिले. माझा शब्द होता ना. बोटी लागल्या, टोपल्या उतरल्या, मधे मोनी उभी. कार्मिनबाई गर्दीतून आत शिरल्या आणि मोनीच्या शेजारी जाऊन थांबल्या. मोनी जागची हलली नाही. बाईंनी एक टोपली पालथी घातली, फळीनं तिच्यावर ठोकलं आणि म्हटलं, "पाप. लेट."

कोणाला ऐकूच गेलं नाही. बर्फ फोडला जात होता, इंजिन धडधडत होतं. त्यांनी परत म्हटलं. पुढच्या दोघांना ऐकू गेलं. त्यातल्या एका व्यापाऱ्यानं हसून तशीच एक ढेकर दिली. आजूबाजूचे हसले. कार्मिनबाईंचा हात फळीवर तसाच राहिला. मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, इथे संपलं. मी या बाईचा गळा काढून घेतला आणि बदल्यात तिला सगळ्या गावात हसं दिलं.

आणि मोनी गरजली. पाचूबंदरला त्या दिवशी सगळ्यांत मोठा आवाज तिचाच होता.

"गप ऱ्हावा रं सगली! वयनी बोलते!"

बर्फाचा टोचा थांबला. कोणीतरी इंजिन बंद केलं. एवढ्या माणसांचा धक्का कधी गप्प बसलेला कोणी पाहिला नव्हता. कावळेसुद्धा बिचकून खाली बसले. त्या शांततेत कार्मिनबाईंनी गाल फुगवले आणि भाव सुरू केला. घोगरा, तुकड्यातुकड्यांचा, डबक्यातल्या बेडकासारखा आवाज. घेणारे माना पुढे काढून, कानांना हात लावून ऐकत होते, कारण एक आकडा हुकला की टोपली दुसऱ्याची.

गंमत पुढेच आहे. व्यापारी लिलावाच्या वेळी आपापसांत कुजबुजून भाव खाली ठेवतात. पण आता कुजबुजणार कुठे? एवढ्या शांततेत साधी शिंक आली तरी सगळ्यांना कळायची. भाव चढला. बोटवाल्यांनी ते बरोबर हेरलं आणि दुसऱ्या दिवसापासून आम्हाला ढेकरवालीच पाहिजे म्हणून हटून बसले. मोनीचं काम मग ठरूनच गेलं. लिलावाआधी एकदा ओरडायचं, गप ऱ्हावा. तेवढ्याचा तिला वाटा मिळायचा.

धुक्याचं मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. ढेकर खाडीच्या तोंडापर्यंत जात नाही. धुकं पडलं की कार्मिनबाई धक्क्यावर उभ्या राहून पातेलं वाजवायच्या. इनास म्हणायचा, "मना लगेच कलतं. बायको रागावलीय, म्हंजे घर आलं."

पुढे मुंबईहून दरवर्षी एक प्रश्नावली यायची. रुग्ण किती जगला हे डॉक्टर मोजायचेच, पण कसा जगला हेही मोजायचं अशी नवी पद्धत निघाली होती. तिचं मराठी मी केलं होतं. 'गत सप्ताहात सामाजिक भोजनप्रसंगी आपणांस संकोच जाणवला काय?' मी हे धक्क्यावर, टोपलीवर बसून वाचायची. नवराबायकोच्या संबंधांविषयी एक प्रश्न होता. तो आला की मी खोकायची आणि कार्मिनबाईंचे खांदे हलत हलत डोळ्यांतून पाणी यायचं. शेवटचा प्रश्न, आपल्या जगण्याला एक ते सात यांपैकी किती गुण द्याल? बाई त्याकडे लिलावासारखं बघायच्या. सात म्हणजे शेवट हे त्यांना पटायचंच नाही. पहिल्या वर्षी बोटं दाखवली दहा. मी म्हटलं, सातच्या वर नाही. त्या म्हणाल्या, "पाच. पाट." मी विचारलं, पाट काय? त्यांनी घराकडे हात करून जेवायची खूण केली. पाच गुण आणि वर माझं जेवण. मी पाच लिहिले आणि त्यांच्या घरी जाऊन पाटावर बसले.

सगळे असे नव्हते. हे लिहायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल की आमच्या खोलीत नुसती हसाहशीच होती. पुष्कळजण एक-दोन वर्षांत गेले. वसईतल्या होळी नावाच्या भागातले एक भाजीमळेवाले होते, अतिशय सुरेख बोलायला शिकले, कार्मिनबाईंपेक्षाही स्वच्छ. मी त्यांना पाहुण्यांसमोर मिरवायची. त्यांच्या सुनेनं एकदा सांगितलं की ते घरी बोलतच नाहीत, कारण मुलांना तो आवाज ऐकून कसंसं होतं. मी त्यांना शंभर शब्द शिकवले होते. त्यांच्या मुलांना ऐकायला शिकवावं हे मला सुचलं नाही. मोनीला न शिकवता सुचलं होतं. मी नंतर रुग्णाबरोबर घरच्यांनाही बसवायला लागले, पण तोवर ते गृहस्थ गेले होते.

मी निवृत्त झाले ती दोन हजार सालानंतर, बरीच नंतर. आमच्याच त्या खोलीशेजारच्या सभागृहात निरोपाचा समारंभ. या वेळी मी मधल्या खुर्चीत. सासूबाई नव्वदीच्या, पहिल्या रांगेत, शेजारणीला सांगतायत की सून संगीतातून निवृत्त होतेय. सूत्रसंचालिका म्हणाली, आता आपल्या सर्वांत जुन्या रुग्ण पुष्पहार घालतील. पडद्यामागून कार्मिनबाई आल्या. केस पांढरे, गळ्यावर पांढरा विणलेला रुमाल, मागे हारांचं ताट धरलेला इनास. हार कसला? झेंडूचा. ओला. घसघशीत.

त्यांनी हार दोन्ही हातांत धरला आणि माझ्यासमोर उभ्या राहून मला नीट न्याहाळलं. मग गळ्यातला स्वतःचा रुमाल सोडला, तो माझ्या गळ्याभोवती बांधला, गाठ नीट बसली का पाहिली आणि वरून हार घातला. टाळ्या सुरू झाल्या. मी रडायला लागले, नाक चोंदलं, श्वास अडकला. कार्मिनबाई खाली वाकल्या. खांदे हलत होते. गाल फुगले. आणि ज्या न नं त्यांना एवढी वर्षं छळलं होतं तो अगदी स्वच्छ काढत, माझ्या कानात म्हणाल्या,

"घाबरू नको, मास्तरीन. नाकाने श्वास घे. नाकाने."